पाण्याचा दिवस

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी.
बायको विड्यांचं माप द्यायला गेलेली,
मी रात्रपाळी करून आडवा,
पिंपापाशी भार्गव, वय वर्षं नऊ, हातात नळी.
"भरलं की बंद कर," एवढंच सांगितलेलं.

पिंप भरलं. नळी वाहत राहिली.
फरशीवरून, उंबऱ्यावरून पाणी
यल्लव्वाकाकूंच्या ओट्यापर्यंत गेलं,
आणि पाण्यासोबत तो, गुडघ्यांवर.
कागदाच्या कपट्यावर बसून एक मुंगी चालली होती,
ती कुठं उतरते ते त्याला बघायचं होतं.

मी मारलं.
हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढं विसरल्याचं सोंग नको.
मार खाताना तो मला सांगत होता,
उतरली पप्पा, ती उतरली.

आई म्हणाली, "कुदुरु लेदु."
घरच्या तेलुगूतलं हे वाक्य, बूड स्थिर नाही पोराचं.
हेच ती माझ्यासाठीही म्हणायची,
ह्याच ओट्यावर, ह्याच सुरात.

शाळेच्या डायरीत लाल शाई:
वही आणली नाही.
वही आणली, पेन्सिल नाही.
पेन्सिल आहे, जागेवर नाही.
जागेवर आहे, लक्ष नाही.

खमितकर बाई म्हणाल्या, एकदा सिव्हिलला दाखवा.
मी म्हणालो, वेडा नाहीये तो.
मी कुठं तसं म्हटलं?
माझ्या भावाला कुणी दाखवलं नव्हतं, म्हणून म्हणते.
पुढं बोलल्या नाहीत. पुसलेला फळा पुसत राहिल्या.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाई कागदावरून वाचत गेल्या.
काम अर्ध्यात सोडतो का?
वस्तू हरवतो का? डबा, चप्पल, एकदा अख्खं दप्तर.
समोरच्याचं बोलणं संपायच्या...
हो, मी म्हणालो.
त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघून हसल्या.
टेबलाखाली माझा पाय हलत होता,
वर त्यांची पाण्याची बाटली थरथरत होती.

सातवीतून मला कुणी काढलं नाही, मीच गेलो नाही.
कारखान्यात मागांच्या खडखडाटात
शांत बस, असं कुणी म्हणत नाही.
चार मागांमधून येरझारा घालायचे पगार मिळतो.
सगळे म्हणाले, यमूलांचं पोरगं सुधारलं.

चिठ्ठीवर एडीएचडी, चार अक्षरं.
बायकोनं विचारलं, औषध?
आहे, लागलं तर देऊ. आधी घर आणि शाळा.
एका वेळी एकच काम सांगा,
लांबून ओरडून नको, खांद्याला हात लावून.
झालं की लगेच म्हणा, झालं.
बायकोला हे माझ्याआधी कळलं.
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणारी बाई ती,
हजार विड्या कुणी एकदम वळत नाही.

आता तो खिडकीपासून लांब, पहिल्या बाकावर.
चुळबुळ वाढली की बाई त्याला
हजेरीचं पुस्तक देऊन ऑफिसात पाठवतात.
पुस्तक दिवसातून सहा वेळा जाऊन येतं,
क्लार्क वैतागलाय.
पाढे उभ्यानं म्हणतो, सतराचा अजून अडतो.
परवाच कुणाच्या तरी पाठीत पट्टी हाणून आला.
सगळं नीट झालं, असं मी कुणाला सांगत नाही.

काल पाण्याचा दिवस.
त्याच्या खांद्यावर हात ठेवला,
म्हणालो, पिंप. फक्त पिंप.
शेजारी मीही बसलो, उकिडवा.
समोरच्या तारेवर टॉवेल वाळत होते, नवे रंगवलेले,
एकाचा लाल रंग दुसऱ्यावर उतरत होता,
थेंब कडेला यायचा, थांबायचा, मग...

"पप्पा," तो म्हणाला, "भरलं."

थोडं सांडलं होतं.
थोडंच.